प्रायमरी की आहे, मग डबल कसं होईल?

“टेबलला प्रायमरी की आहे मॅडम, डबल एंट्री होऊच शकत नाही.” आमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं आहे, तिच्या सपोर्टवाल्याचं हे ठेवणीतलं वाक्य. फोनवर तेच, ईमेलवर तेच, आणि संचालकांच्या बैठकीत माझ्या समोर बसून, माझ्याकडे न बघता, पुन्हा तेच. आता सगळं निस्तरलं आहे, तरी ते वाक्य आठवलं की डोक्यात तिडीक जाते. कारण त्याचा पहिला अर्धा भाग खरा होता. की होती. ती असून काही उपयोगाची नव्हती, आणि हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. मी बी.कॉम. आहे.

लहान संस्थेत, दवाखान्यात, क्लासमध्ये, दुकानात ‘कॉम्प्युटरचं तेवढं तुम्हीच बघा’ म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. थोडं मनातलं ओकून टाकावं हाही हेतू आहे, नाही कशाला म्हणू.

तर आमचे एक पिग्मी एजंट आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. कागदी पावतीपुस्तकाच्या काळापासूनचे. बाजारपेठेतली निम्मी दुकानं त्यांच्याकडे. संस्थेने फोनवरचं अ‍ॅप आणलं तेव्हा सगळ्यात आधी तेच शिकले. एका बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ते भरणा करायला आले, तर सिस्टीम म्हणते जमा १४,६५० रुपये आणि काकांच्या थैलीत १३,९००. कॅशियरने दोनदा मोजले. काकांनी खिसे उलटे करून दाखवले. साडेसातशेची तूट. मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, “काका, सिस्टीम काही खोटं बोलत नाही.” काकांनी शेजारच्या किराणा दुकानदाराकडून उसने आणून भरले आणि गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, रक्कम तेवढी वेगळी. मग चहाच्या वेळी कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे वय झालं, विसरतात. कोणी म्हणे तसं नसावं.

मला डेटाबेस वाचायचा अधिकार आहे, फक्त वाचायचा. ऑडिटला लागतं म्हणून भांडून घेतलेला. ऑफिस सुटल्यावर मी बसले आणि जमेच्या टेबलावर एक साधी क्वेरी चालवली: एजंट, तारीख आणि पावती क्रमांक यांवर ग्रुप बाय, आणि खाली हॅविंग काउंट एकपेक्षा जास्त. म्हणजे एकच पावती एकाहून जास्त वेळा कुठे आहे ते दाखव. मला वाटलं होतं काही येणार नाही. यादी पडद्याबाहेर गेली.

त्या बाजाराच्या दिवसाच्या काकांच्या तीन पावत्या तिथे होत्या. पहिली उघडली. आयडी ८८४१२ आणि ८८४१३. दोन्हींत एजंट तोच, खातं तेच, हार्डवेअरच्या दुकानाचं, रक्कम ५००, पावती क्रमांक ३१७, वेळ सेकंदापर्यंत तीच. दोन ओळी वरखाली ठेवून मी एकेक कॉलम बोट लावून ताडून पाहिला. आयडी सोडला तर एका अक्षराचा फरक नाही. दुसरी पावती २०० ची, तिसरी ५० ची. पाचशे, दोनशे, पन्नास. बेरजेला कॅलक्युलेटर लागला नाही. काकांनी एकदाच घेतलेले पैसे टेबलाने दोनदा लिहून ठेवले होते, आणि वरचे साडेसातशे आम्ही त्या माणसाकडून वसूल केले होते.

आता त्या प्रायमरी कीबद्दल. आमच्या टेबलाची प्रायमरी की म्हणजे तो आयडी, ऑटो इन्क्रिमेंट. येणाऱ्या प्रत्येक ओळीला टेबल आपणहून पुढचा नंबर देतं. तो नंबर कधीच डबल होत नाही, हे सोळा आणे खरं. पण ती की फक्त स्वतःचाच नंबर डबल होऊ देत नाही. तीच पावती शंभरदा पाठवा, टेबल तिला शंभर नवे नंबर देऊन शंभरदा आत घेईल, कारण त्याच्या लेखी त्या शंभर वेगळ्या गोष्टी आहेत. पावती क्रमांक हा त्याच्यासाठी नुसता एक आकडा. तो पुन्हा येता कामा नये हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मांडणी केली, तेव्हा त्यांच्या लेखी टेबल म्हणजे गणितातला संच होता. संचात एकच गोष्ट दोनदा नसते. प्रत्यक्षात आलेली एसक्यूएल एवढी सोवळी नाही. तुम्ही बजावलं नाहीत तर हुबेहूब सारख्या ओळी ती बिनतक्रार ठेवून घेते. बजावायचं म्हणजे युनिक की लावायची: अमुक कॉलम मिळून ओळ एकमेव ठरते, तशी दुसरी आली तर दारातूनच परत पाठव. सॉफ्टवेअर घेताना मी हाच प्रश्न लेखी विचारला होता. ईमेल अजून आहे. “पावती क्रमांकावर युनिक की आहे का?” उत्तर आलं होतं, “इट इज हँडल्ड इन कोड, मॅम.”

कोडमध्ये काय होतं ते नंतर कळलं. पावती आली की प्रोग्रॅम आधी टेबलात बघायचा, हा क्रमांक आहे का? नसेल तर इन्सर्ट करायचा. ऐकायला बिनचूक वाटतं. पण एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत नेटवर्कची बोंब. काका पावती करतात, चक्र फिरत राहतं, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलेलं, म्हणून ते ‘पाठवा’ पुन्हा दाबतात. शिवाय अ‍ॅप स्वतःही पुन्हा पाठवतं. अडकलेल्या दोन्ही विनंत्या रेंज आली की एकदमच सर्व्हरला पोचतात. पहिली विचारते, ३१७ आहे का? नाही. तिची ओळ अजून लिहून व्हायची आहे तेवढ्यात दुसरी विचारते, ३१७ आहे का? नाहीच. दोघी लिहितात. दोघींचंही चुकलेलं नाही. बघणं आणि लिहिणं या दोन पायऱ्या वेगळ्या असल्या की मधल्या फटीत हे होणारच, आणि गर्दीच्या दिवशी जास्त होणार. ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलं तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये ही फट बुजत नाही, कारण दुसऱ्याची न संपलेली ओळ तुम्हाला दिसतच नाही. रूबी ऑन रेल्सवाले तर आपल्या कागदपत्रांत स्वतःच सांगतात, की आमच्या कोडमधल्या युनिक तपासणीवर विसंबू नका, डेटाबेसमध्ये इंडेक्स लावा. कारण बघणं आणि लिहिणं एकाच दमात करून दुसऱ्याला थोपवून धरणं हे काम युनिक इंडेक्सच करतो.

मी यादी छापून बैठकीत ठेवली. सपोर्टवाला म्हणाला, “मॅडमनी इम्पोर्ट करताना दोनदा अपलोड केलं असेल.” मला इन्सर्टचा अधिकारच नाही, हे मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, “मग एजंटने दोनदा दाबलं असणार. ट्रेनिंग द्यायला हवं.” अध्यक्षांनी मान डोलावली. अहो, दाबलंच दोनदा! लिफ्टचं बटण माणूस दोनदा दाबतो, म्हणून दोन लिफ्ट येतात का?

इथून पुढे जे उपाय झाले ते क्रमाने सांगते, कारण तुमच्याकडेही हेच होणार.

पहिला उपाय, रिपोर्टमध्ये डिस्टिंक्ट घातलं. म्हणजे छापताना सारख्या ओळी एकदाच दाखवायच्या. रोजचा जमा रिपोर्ट एकदम देखणा झाला. टेबलात मात्र ओळी दोनच, आणि खातेदाराची शिल्लक काढणारी बेरीज टेबलावरून चालते. रोजकीर्द एक सांगते, खतावणी दुसरंच, आणि तेरीज जुळवताना माझी रात्र. एखाद्या रिपोर्टच्या क्वेरीत विनाकारण डिस्टिंक्ट दिसलं, की समजा कोणीतरी तिथे काहीतरी झाकलंय.

दुसरा उपाय जास्त घातक निघाला. त्यांनी युनिक की लावली खरी. पण खाते क्रमांक, तारीख आणि रक्कम या तिघांवर. आणि त्रास नको म्हणून साध्या इन्सर्टच्या जागी इन्सर्ट इग्नोर केलं. मायएसक्यूएलमध्ये (आमचा डेटाबेस तोच) युनिक की मोडली की १०६२ क्रमांकाची एरर येते, ‘डुप्लिकेट एंट्री’ म्हणून, आणि कोणती किंमत कोणत्या कीवर आपटली तेही ती सांगते. इग्नोर म्हटलं की ती एरर साधी वॉर्निंग होते, ओळ फेकली जाते आणि प्रोग्रॅम पुढे निघून जातो. वॉर्निंग कोण वाचतं?

बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई सकाळी शंभर देतात आणि धंदा बरा झाला तर संध्याकाळी आणखी शंभर. खातं तेच, तारीख तीच, रक्कम तीच. पावत्या मात्र दोन, खऱ्या, दोन्हींचे पैसे हातात पडलेले. संध्याकाळची पावती टेबलाने गिळली. त्या दिवशी काकांच्या थैलीत सिस्टीमपेक्षा जास्त पैसे निघाले. ‘सिस्टीम खोटं बोलत नाही’ म्हणायला तेव्हा केबिनमधून कोणी बाहेर आलं नाही. जादा रक्कम अनामत खात्यात टाका म्हणाले. महिनाअखेरीला त्या बाई पासबुक आणि पावत्यांचा गठ्ठा घेऊन काउंटरवर उभ्या राहिल्या. “ताई, माझे पैसे कुठं गेले तेवढं सांगा,” म्हणाल्या, आणि एकेक पावती काचेखालून सरकवायला लागल्या. मागे रांग. मी काय सांगणार होते त्यांना, डुप्लिकेट प्रतिबंध?

म्हणून की कशावर लावायची हा प्रश्न प्रोग्रॅमरवर सोडू नका. तो तुमच्या धंद्याचा प्रश्न आहे. स्वतःला विचारा, प्रत्यक्षात दोन घटना घडल्या आणि त्यांचं सगळं सारखं आलं, असं कधी होऊ शकतं का? एकाच खात्यात एका दिवशी दोनदा शंभर भरता येतात, म्हणजे ते तीन कॉलम कीसाठी बाद. एकाच पावतीपुस्तकात एकच क्रमांक दोनदा येऊ शकत नाही, तर की तिथे. दवाखान्यात एकाच नावाचे दोन पेशंट असतात, घरातल्या चौघांचा मोबाईल एकच असतो. नाव आणि मोबाईल, दोन्ही की म्हणून कुचकामी. यूपीआयचे पैसे येत असतील तर बारा आकडी व्यवहार क्रमांक हा चांगला उमेदवार. फक्त तो आकडा म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात. एक्सेलमधून फिरवून आणलात तर ती हमखास उडतात.

इग्नोरबद्दल आणखी एक. ते फक्त डुप्लिकेटकडे काणाडोळा करत नाही. रिकामी चालणार नाही अशा कॉलममध्ये काही आलं नाही तर शून्य किंवा कोरी किंमत भरतं, मावत नाही तो मजकूर कापतं, आणि हे सगळं निमूटपणे. पैशाच्या टेबलावर इन्सर्ट इग्नोर दिसलं तर मी आता थेट फोन उचलते.

मधेच सपोर्टवाल्याने रिप्लेस सुचवलं. रिप्लेस म्हणजे जुनी ओळ बदलत नाही, ती पुसते आणि नवी घालते. नवी ओळ, नवा आयडी. जुन्या आयडीला चिकटलेल्या दुसऱ्या टेबलांतल्या ओळी, कॅस्केड लावलेलं असेल तर, तिच्याबरोबर सती जातात. टेबलावर दोन युनिक की असतील तर एका रिप्लेसने दोन जुन्या ओळीही उडू शकतात. ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’ हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग, पण त्यात ‘रक्कम बरोबर जुनी रक्कम अधिक नवी’ असं लिहिलंत तर डबल पावतीऐवजी डबल रक्कम मिळेल, आणि ती शोधायला दोन ओळीसुद्धा सापडणार नाहीत.

तिसरा उपाय. आता की बरोबर जागी आली, एजंट, मशीन क्रमांक आणि पावती क्रमांक. इग्नोर काढलं. हातातल्या जुन्या मशीनवाल्या एजंटांच्या डबल नोंदी त्या दिवसापासून बंद. काकांच्या मात्र चालूच. मग पुन्हा कुजबुज, बघा, बाकीच्यांचं बंद झालं, यांचंच कसं होतं?

‘शो क्रिएट टेबल’ ही आज्ञा पाठ करून ठेवा. वाचायच्या अधिकारावर चालते आणि टेबलाची सगळी कुंडली समोर ठेवते. त्यात मला दिसलं, की मशीन क्रमांकाचा कॉलम नल चालेल असा होता. काका फोनवाले, फोनला मशीन क्रमांक नाही, म्हणून तिथे नल जात होतं. आणि नल म्हणजे कोरं नव्हे, शून्यही नव्हे. नल म्हणजे ‘माहीत नाही’. एक माहीत नाही दुसऱ्या माहीत नाहीच्या बरोबरीचं असतं का? एसक्यूएल म्हणते, सांगता येत नाही, म्हणून सारखं धरत नाही. परिणाम असा, की कीच्या एका कॉलममध्येही नल असलं तर ती ओळ डुप्लिकेट मानलीच जात नाही. हजार घाला. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट, तिन्हींत हेच. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर नल सारखे धरतो, म्हणून एकच चालवून घेतो. पोस्टग्रेसने २०२२ मध्ये, पंधराव्या आवृत्तीत, ‘नल्स नॉट डिस्टिंक्ट’ म्हणून सोय दिली. तेवढं करण्यापेक्षा कीमधला प्रत्येक कॉलम नॉट नल ठेवा, विषय संपला.

हाच खड्डा आणखी एका जागी असतो आणि तिथे भलेभले पडतात. ओळ खरोखर न पुसता ‘रद्द केल्याची तारीख’ भरायची पद्धत असते. मग लोक सभासद क्रमांक आणि रद्द तारीख मिळून युनिक की करतात, म्हणजे रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरता येईल. पण चालू सभासदाची रद्द तारीख नल असते! म्हणजे ज्या ओळी जपायच्या, नेमक्या त्याच उघड्यावर. पोस्टग्रेसमध्ये रद्द तारीख नल असलेल्या ओळींपुरता इंडेक्स करता येतो. मायएसक्यूएलमध्ये अशा वेळी नलच्या जागी ठरावीक किंमत धरणारा जनरेटेड कॉलम करून त्यावर की लावतात.

नल सापडल्यावर कंपनीतून पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाचा तरी फोन आला. वरिष्ठ असावेत. मी निम्मंच सांगितलं असेल, ते म्हणाले, “ताई, लक्षात आलं. तुमचं बरोबर आहे.” एवढं एक वाक्य ऐकायला किती ईमेल खर्ची पडले! त्यांनीच सुचवलं, की अ‍ॅपने प्रत्येक पावतीला एक युयुआयडी द्यावा, म्हणजे १२८ बिटांचा यदृच्छ क्रमांक, जो दुसऱ्या कोणाशी जुळायची शक्यता नसल्यात जमा, आणि टेबलात त्यावर युनिक की लावावी. तीच पावती कितीदाही पाठवली तरी तोच क्रमांक येणार आणि एकदाच बसणार.

पहिली आवृत्ती आली आणि डबल पुन्हा झाल्या. मी कपाळाला हात लावला. कारण एका ओळीचं होतं. युयुआयडी पावती करताना तयार व्हायला हवा होता, त्यांनी तो ‘पाठवा’च्या फंक्शनमध्ये ठेवला होता. दरवेळी दाबलं की नवा क्रमांक. म्हणजे डुप्लिकेट ओळखायची खूण प्रत्येक डुप्लिकेटला वेगळी दिली जात होती! हे तुमच्या प्रोग्रॅमरला तोंडी सांगू नका, लिहून द्या. ओळख घटनेबरोबर जन्मते, निरोपाबरोबर नाही.

दुसरं लिहून द्यायचं ते असं. १०६२ आली तर फोनवर लाल अक्षरात ‘अयशस्वी’ दाखवायचं नाही. ती पावती आधीच पोचली आहे, हीच तर बातमी आहे. ‘जमा झाली’ दाखवा. नाहीतर एजंट बिचारा रात्रभर दाबत बसेल. मात्र आधीच्या ओळीतली रक्कम आणि नवी रक्कम जुळते का तेवढं बघा. जुळत नसेल तर ते डुप्लिकेट नाही, भानगड आहे, आणि ती माणसासमोर यायला हवी.

की लागली, की आणखी एक प्रश्न ऑडिटर विचारणार. आयडी सलग का नाहीत? मधले कुठे गेले? मायएसक्यूएलच्या इनोडीबीत, परत पाठवलेल्या इन्सर्टचाही नंबर खर्च होतो आणि पुन्हा वापरला जात नाही. नोंद पुसली असा त्याचा अर्थ नाही. आमच्याकडे यावरूनही माझी चौकशी झाली. म्हणून आयडी कधीही व्हाउचर क्रमांक म्हणून छापू नका.

आमच्या जुन्या डबल ओळी कंपनीने की लावताना बाजूला काढून ठेवल्या होत्या; त्यांचं काय करायचं? टेबलात आधीच डुप्लिकेट असतील तर युनिक की लागतच नाही, तीच १०६२ तोंडावर येते. पूर्वी मायएसक्यूएलमध्ये ‘ऑल्टर इग्नोर टेबल’ म्हटलं की पहिली ठेवून बाकीच्या उडवायची सोय होती, ५.७ च्या वेळी ती काढली, बरं झालं. ग्राहकांचे नंबर, पुस्तकांची यादी असलं काही असेल तर बॅकअप घ्या, रो नंबर फंक्शनने प्रत्येक गटात एक-दोन-तीन क्रमांक टाका आणि एकच्या पुढचे पुसा. मायएसक्यूएलला ते ८.० पासून येतं. पुसण्याआधी दुसऱ्या टेबलातलं कोणी त्या आयडीकडे बोट दाखवतंय का ते मात्र बघा.

हिशोबात पुसायचं नसतं. व्याज लागलेलं, पासबुकं छापून गेलेली. आम्ही प्रत्येक डबल ओळीला उलट नोंद केली, तारीख आणि कारणासकट. पण मग डबल ओळी टेबलात ठेवाव्या लागतात आणि की लावता येत नाही. त्यावर मला सुचलेली युक्ती सांगते, कंपनीने ती नंतर आपल्या नावावर खपवली तो भाग वेगळा. एक ‘प्रत क्रमांक’ नावाचा नॉट नल कॉलम वाढवायचा, मूळ किंमत शून्य. जुन्या जादा ओळींत त्यांचाच आयडी तिथे भरायचा. मग इन्स्टॉल कोड (अ‍ॅप फोनवर टाकलं की दरवेळी मिळणारा नवा कोड), पावती क्रमांक आणि प्रत क्रमांक यांवर युनिक की. जुन्या ओळी आपापल्या जागी शाबूत, आणि नव्या ओळीचा प्रत क्रमांक नेहमी शून्य असल्यामुळे ती डबल होऊ शकत नाही. इन्स्टॉल कोड यासाठी, की अ‍ॅप पुन्हा टाकलं की पावती क्रमांक एकपासून सुरू होतात. हे कळलं नसतं तर खऱ्या पावत्या परत जायला लागल्या असत्या.

मराठीत नावं भरणाऱ्यांसाठी एक. ‘कऱ्हाडकर’मधला ऱ् दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र्, अदृश्य जोडचिन्ह आणि मग ह. पडद्यावर डोळ्याला फरक दिसत नाही, आत अक्षरं वेगळी असतात. बाइट जुळवून बघणारा डेटाबेस त्यांना दोन माणसं समजतो. आमच्या लाभांशाच्या यादीत असे निघाले. मोबाईल नंबर तसाच. कोणी शून्य लावून, कोणी +९१ लावून, कोणी मधे जागा सोडून. आत घेतानाच एका साच्यात आणा, मग की लावा.

विकत घेण्याआधी एक परीक्षा मात्र नक्की घ्या. टेस्टच्या डेटाबेसवर, कोड बाजूला ठेवून, तीच पावती थेट टेबलात तुमच्यासमोर दोनदा टाकायला सांगा. दुसऱ्या वेळी १०६२ दिसली पाहिजे. मग तेच, न भरता चालणारे सगळे कॉलम रिकामे ठेवून. दुसरी ओळ गुपचूप आत गेली तर ‘कोडमध्ये आहे’ हे पुढचं वाक्य ऐकूनच घेऊ नका.

काकांकडून वसूल केलेली सगळी रक्कम हिशोब मांडून त्यांना परत मिळाली, ठरावाने. ठरावात ‘तांत्रिक कारणास्तव’ असं लिहिलंय. ‘काकांची चूक नव्हती’ एवढे शब्द घाला म्हणून मी दोनदा सांगितलं, ते काही इतिवृत्तात आलं नाही. कंपनीकडून मात्र बिल आलं आहे: ‘अतिरिक्त सुविधा, डुप्लिकेट प्रतिबंध’, वर जीएसटी. ते पास व्हायला माझी सही लागते. केलेली नाही.